सिल्व्हिया : मद्रासला सापडलेला एक ठिपका

आज एका दगडाविषयी लिहायचे आहे.

मंगळ आणि गुरू यांच्या कक्षांच्या मधल्या पट्ट्यात असे लाखो दगड सूर्याभोवती फिरत आहेत. त्यांना आपण लघुग्रह म्हणतो. त्यांतलाच हा एक. नाव सिल्व्हिया, क्रमांक ८७. नुसत्या डोळ्यांना तो कधीच दिसत नाही. पृथ्वीच्या वाटेतही तो येत नाही, त्यामुळे 'आता जग बुडणार' छापाच्या बातम्यांत त्याला जागा नाही. मग त्याच्यावर एवढा लांबलचक लेख कशाला, असे आमच्या घरातली मंडळी विचारणारच.

तर त्याचे कारण असे की हा दगड आपल्या देशातून सापडला. १६ मे १८६६ रोजी, मद्रासच्या वेधशाळेतून. सापडला तेव्हा तो म्हणजे प्रकाशाचा एक मंद ठिपका होता. तो केवढा आहे, कशाचा आहे, गोल आहे की वेडावाकडा, एकटा आहे की सोबत कोणी आहे, यांतले काहीही शोधणाऱ्याला कळायला मार्ग नव्हता. ते कळत कळत दीडशे वर्षे गेली.

मी इतिहास शिकवत असे. 'शोध कोणी लावला व कोणत्या साली?' हा प्रश्न परीक्षेत हमखास यायचा. नावाला एक गुण, सालाला एक गुण. सिल्व्हियाच्या बाबतीतही असे उत्तर देता येते : पॉगसन, १८६६. दोन गुण मिळाले, विषय संपला! पण मला वाटते, खरी गोष्ट या उत्तरानंतरच सुरू होते. ती जमेल तशी सांगते.

आधी थोडी पार्श्वभूमी. १ जानेवारी १८०१ रोजी सिसिली बेटावरच्या पालेर्मो येथे जुझेप्पे पियाझ्झी या धर्मगुरूला सेरेस सापडला. मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये एखादा ग्रह असावा अशी कल्पना त्या वेळी होतीच, त्यामुळे हाच तो ग्रह असे सर्वांनी धरले. पण लगोलग १८०२ मध्ये पॅलास, १८०४ मध्ये जुनो आणि १८०७ मध्ये व्हेस्टा सापडले. एका ग्रहाच्या जागी चार! हे सगळे दुर्बिणीतून ताऱ्यासारखे ठिपकेच दिसत, म्हणून विल्यम हर्शेल यांनी त्यांना 'ॲस्टेरॉइड', म्हणजे ताऱ्यासारखे दिसणारे, असे नाव सुचवले. त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षे काहीच सापडले नाही. हेन्के नावाचे एक जर्मन गृहस्थ, पेशाने टपालखात्यातले, पंधरा वर्षे नेटाने शोधत राहिले आणि १८४५ साली त्यांना पाचवा लघुग्रह मिळाला. तिथून पुढे मात्र धरण फुटावे तसे झाले. १८६६ च्या उन्हाळ्यापर्यंत ही संख्या ८७ वर आली. सिल्व्हियाचा क्रमांक ८७ तो असा.

आता पॉगसन यांच्याविषयी. नॉर्मन रॉबर्ट पॉगसन यांचा जन्म १८२९ चा, इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमचा. त्यांनी व्यापारधंद्यात पडावे असा घरच्यांचा विचार होता, पण यांना लागली गणिताची गोडी. लंडनचे जॉन रसेल हाइंड हे त्या काळचे नावाजलेले लघुग्रह-शोधक. त्यांच्यामुळे हा तरुण खगोलाकडे वळला आणि १८५२ मध्ये ऑक्सफर्डच्या रॅडक्लिफ वेधशाळेत सहायक म्हणून लागला. तिथे त्यांनी तीन लघुग्रह शोधले. त्यांपैकी पहिल्याचे, १८५६ साली सापडलेल्याचे नाव आयसिस. त्यांच्या लहान मुलीचेही नाव आयसिस होते. तिच्याविषयी पुढे लिहिणार आहे, म्हणून नाव लक्षात ठेवा.

त्याच १८५६ साली पॉगसन यांनी आणखी एक काम केले, जे आजही प्रत्येक खगोलशास्त्रज्ञ रोज वापरतो. ताऱ्यांच्या तेजाच्या पहिली, दुसरी, तिसरी अशा 'प्रती' ग्रीकांच्या काळापासून ठरलेल्या आहेत. पहिल्या प्रतीचे तारे सर्वांत ठळक आणि सहाव्या प्रतीचे म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणारे. पण एका प्रतीत आणि पुढच्या प्रतीत नेमका फरक किती, हे जो तो आपल्या अंदाजाने ठरवी. पॉगसन यांनी सुचवले की पाच प्रतींचा फरक म्हणजे बरोबर शंभरपट तेज असे धरावे. मग एका प्रतीचा फरक सुमारे २.५१२ पट येतो. या आकड्याला आजही पॉगसन गुणोत्तर म्हणतात. सिल्व्हिया आपल्याला साधारण अकराव्या-बाराव्या प्रतीची दिसते. म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या सर्वांत मंद ताऱ्याहूनही शंभरपटीपेक्षा जास्त मंद. हा हिशेब पॉगसन यांच्याच मापाने केलेला आहे, बरे का.

१८६१ च्या सुरुवातीला ते सरकारी खगोलशास्त्रज्ञ म्हणून मद्रासला आले. मद्रासची वेधशाळा तेव्हाही जुनीच होती. ईस्ट इंडिया कंपनीने ती नुंगमबाक्कम भागात १७९२ मध्ये उभी केली. हिंदुस्थानच्या सर्वेक्षणाला आणि जहाजांना अक्षांश-रेखांश व अचूक वेळ हवी असे, हा त्यामागचा व्यवहार. त्यामुळे वेधशाळेची रोजची नोकरी म्हणजे ताऱ्यांचे वेध, घड्याळांची तपासणी, हवामानाच्या नोंदी आणि आकडेमोड. लघुग्रह शोधणे हे त्यातून वेळ काढून करायचे काम. तरीही आल्यावर दोनच महिन्यांत, १७ एप्रिल १८६१ रोजी, त्यांना एक लघुग्रह सापडला. आशिया खंडातून सापडलेला तो पहिला लघुग्रह, म्हणून त्याचे नाव त्यांनी 'एशिया' ठेवले. पुढे १८६४ मध्ये सॅफो आणि १८६६ मध्ये आपली सिल्व्हिया.

लघुग्रह शोधायचा म्हणजे काय करायचे? तेव्हा छायाचित्रांची सोय नव्हती. आकाशाच्या एका लहानशा तुकड्याचा नकाशा घ्यायचा, नाहीतर स्वतः तयार करायचा. त्यात बाराव्या प्रतीपर्यंतचे तारे ठिपक्यांनी दाखवलेले. मग दुर्बिणीला डोळा लावून एकेक तारा नकाशाशी ताडून पाहायचा. नकाशात नसलेला एखादा ठिपका दिसला की त्याच्यावर नजर ठेवायची. तारा असेल तर जागचा हलणार नाही. लघुग्रह असेल तर शेजारच्या ताऱ्यांच्या मानाने सरकेल. सिल्व्हियाच्या अंतरावरचा लघुग्रह, अगदी पृथ्वीसमोर असला, तरी एका दिवसात चंद्रबिंबाच्या निम्म्या रुंदीइतकाही सरकत नाही. म्हणजे आज दिसला, उद्या पाहायचा, परवा पाहायचा. आणि मध्ये ढग आले तर हात चोळत बसायचे. मद्रासचा मे महिना काय असतो हे तिथे राहिलेल्यांना सांगायला नको. अशा उकाड्यात रात्र रात्र डोळा लावून तारे मोजणारा माणूस मला हेवा वाटावा इतका चिकाटीचा वाटतो.

आणि ठिपका सापडला म्हणजे झाले, असेही नाही. तो अमुक तारखेला, अमुक वेळी, आकाशात अमुक ठिकाणी होता, हे अचूक मोजून लिहावे लागते. अशा किमान तीन नोंदी असल्या की त्याची कक्षा काढता येते. ही रीत गाउस या थोर गणितज्ञाने १८०१ मध्ये सेरेससाठी बसवली. पियाझ्झींना सापडलेला सेरेस सूर्याच्या उजेडात जाऊन हरवला होता, तो गाउसच्या गणिताने परत मिळाला. नोंदी चुकीच्या असतील तर सापडलेला लघुग्रह पुन्हा हरवतो आणि शोध असून नसल्यासारखा होतो. पॉगसन यांनी नोंदी केल्या, त्या टपालाने आठवड्यांचा प्रवास करून युरोपात पोहोचल्या, तिथल्या वेधशाळांनी तो ठिपका पाहिला आणि कक्षा बसली. शोध 'लागतो' तो या सगळ्यानंतर.

नाव त्यांनी ठेवले सिल्व्हिया. रोमन पुराणकथेतली रिया सिल्व्हिया ही राजकन्या. तिच्या काकाने तिच्या वडिलांचे राज्य बळकावले आणि तिला मूलच होऊ नये म्हणून तिला आजन्म ब्रह्मचारिणी पुजारीण केले. तरी मंगळ देवापासून तिला जुळे झाले, रोम्युलस आणि रेमस. काकाने ती बाळे नदीत सोडून द्यायला लावली, एका लांडगीने त्यांना दूध पाजले आणि मोठेपणी त्यांनी रोम नगर वसवले. कंसाची देवकी आणि कर्णाची कुंती एकाच कथेत भेटल्यासारखे वाटते, नाही का? पॉगसन यांनी नाव दिले ते आईचे. मुलांचा प्रश्नच नव्हता, कारण दिसत होता तो एकच ठिपका. (यापुढे मी सिल्व्हियाला 'ती' म्हणणार आहे. आईला 'तो' म्हणायला जीभ वळत नाही.)

तिची कक्षा अशी : सूर्यापासून सरासरी अंतर सुमारे ५२ कोटी किलोमीटर. पृथ्वीचे १५ कोटी, म्हणजे आपल्या साडेतीनपट. कक्षा थोडी लांबट आहे, त्यामुळे हे अंतर साधारण ४७ कोटींपासून ५७ कोटींपर्यंत कमीजास्त होते. पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीशी ती जवळजवळ अकरा अंशांनी कललेली आहे. एका प्रदक्षिणेला साडेसहा वर्षे लागतात. १८६६ पासून आजवर तिच्या चोवीस प्रदक्षिणा पुऱ्या झाल्या आहेत.

या अंतरातही एक मर्म आहे. सिल्व्हिया सापडली त्याच १८६६ साली अमेरिकेतले गणिताचे प्राध्यापक डॅनियल कर्कवुड यांनी ज्ञात लघुग्रहांची अंतरे मांडून पाहिली. त्यांना दिसले की काही ठराविक अंतरांवर लघुग्रह जवळजवळ नाहीतच. उदाहरणार्थ, सुमारे ४९ कोटी किलोमीटरवर असलेला लघुग्रह गुरूच्या बरोबर निम्म्या वेळात सूर्याला फेरी घालील. म्हणजे त्याच्या दर दोन फेऱ्यांनंतर गुरू त्याला पुन्हा त्याच जागी गाठणार आणि त्याच दिशेने ओढणार. झोपाळ्याला दर वेळी त्याच क्षणी धक्का दिला की झोका चढत जातो, तसे त्या लघुग्रहाचे होते आणि अखेर तो तिथून बाहेर फेकला जातो. या मोकळ्या जागांना आता कर्कवुडच्या फटी म्हणतात. आपली सिल्व्हिया या ४९ कोटींच्या फटीच्या पलीकडे आहे, मुख्य पट्ट्याच्या बाहेरच्या काठावर. तिकडची वस्ती विरळ. तिथल्या मंडळींत आकाराने सर्वांत मोठ्यांपैकी ही एक.

आता जरा वेधशाळेत परत येऊ, कारण तिथे पॉगसन एकटे नव्हते.

त्यांचे पहिले सहायक होते चिंतामणी रघुनाथाचार्य. घराणे पंचांगकर्त्यांचे. तरुणपणीच वेधशाळेत लागले आणि पॉगसन येण्याआधीपासून तिथे होते. सिल्व्हिया सापडल्यानंतर आठच महिन्यांनी, जानेवारी १८६७ मध्ये, त्यांनी दक्षिण आकाशातल्या 'आर रेटिक्युलाय' या ताऱ्याचे तेज कमीजास्त होते हे ओळखले. अशा ताऱ्याला रूपविकारी तारा म्हणतात. आधुनिक काळात एका भारतीय माणसाच्या नावावर नोंदलेला हा खगोलातला पहिला शोध मानतात. १८७२ मध्ये लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने त्यांना फेलो करून घेतले. दुर्बिणीने घेतलेल्या वेधांशी जुळणारे पंचांग असावे म्हणून त्यांनी दृग्गणित पंचांग सुरू केले. १८७४ मध्ये शुक्र सूर्यबिंबावरून जाणार होता, तेव्हा सामान्य लोकांना तो प्रकार समजावा म्हणून पुस्तिका लिहिली. म्हणजे शिक्षकाचे कामही केलेच.

इथे आपल्याकडची एक गोष्ट सांगायलाच हवी. त्याच सुमाराला महाराष्ट्रात केरो लक्ष्मण छत्रे याच खटपटीत होते. त्यांचे सुधारलेले पटवर्धनी पंचांग १८६५ मध्ये सुरू झाले. आणि रघुनाथाचार्यांची माहिती मराठी वाचकांसाठी नोंदवून ठेवली ती शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी, आपल्या 'भारतीय ज्योतिःशास्त्र' या १८९६ च्या ग्रंथात. दीक्षितही पेशाने शिक्षकच. मद्रासच्या माणसाचे काम पुण्यातल्या माणसाने लिहून ठेवले, म्हणून ते आपल्यापर्यंत आले. रघुनाथाचार्य १८८० मध्ये वारले.

दुसरी व्यक्ती म्हणजे एलिझाबेथ आयसिस पॉगसन, वर म्हटलेली मुलगी. वडिलांबरोबर मद्रासला आली आणि १८७३ पासून वेधशाळेत रीतसर सहायक म्हणून काम करू लागली. वेधांची आकडेमोड, हवामानाच्या नोंदी, सगळे मिळून पंचवीस वर्षे. १८८६ मध्ये वडिलांनी रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या फेलोपदासाठी तिचे नाव सुचवले. सोसायटीच्या सनदेत सभासदाचा उल्लेख पुल्लिंगी होता, तेव्हा बाईला घेता येणार नाही, अशी हरकत निघाली आणि नाव मागे घ्यावे लागले. एका सर्वनामावरून! अखेर १९२० मध्ये सोसायटीने तिला फेलो केले. तेव्हा तिने सदुसष्टी ओलांडली होती. तिच्या नावाचा लघुग्रह आकाशात फिरत होता ६४ वर्षे; सभासदांच्या यादीत नाव यायला एवढा वेळ लागला.

पॉगसन यांचे पुढचे आयुष्य फारसे सुखाचे नव्हते. कामाला माणसे अपुरी आणि नोंदींचे ढीग मोठे. त्यांनी १८६८ मध्ये कॅमिला आणि १८८५ मध्ये व्हेरा असे आणखी दोन लघुग्रह शोधले, एकूण आठ. पण मद्रासच्या चक्रयंत्राने १८६२ पासून घेतलेले ताऱ्यांचे वेध छापून बाहेर यायला १८८७ साल उजाडले. ते काम पुरे होण्याआधीच, जून १८९१ मध्ये, पॉगसन मद्रासलाच वारले. उरलेले खंड त्यांच्या जागी आलेल्या मिची स्मिथ यांनी छापून घेतले. रूपविकारी ताऱ्यांच्या नोंदी तर त्यांच्यानंतर सतरा वर्षांनी, १९०८ मध्ये, इंग्लंडात छापल्या गेल्या. १८९९ मध्ये खगोलाचे काम कोडाईकनालच्या नव्या वेधशाळेत हलले आणि मद्रासला उरले ते मुख्यतः हवामानखाते.

हे वाचताना मन खट्टू होते. तीस वर्षे एक माणूस रात्री जागून लिहितो आणि लिहिलेले कपाटात पडून राहते. ज्याची नोंद वेळेवर दुसऱ्याच्या हातात पोहोचली नाही, ते काम केले काय नि न केले काय, असे होऊ शकले असते. लघुग्रहांचे मात्र तसे झाले नाही, कारण त्यांच्या जागा ताबडतोब कळवाव्याच लागत. सिल्व्हियाच्या नोंदी हातोहात पुढे गेल्या. आता त्या पुढे गेल्यामुळे काय झाले ते पाहा.

विसाव्या शतकात तेज मोजायची चांगली साधने आली. सिल्व्हियाचे तेज मोजले तर ते नियमाने वरखाली होताना दिसले. लांबट बटाटा स्वतःभोवती फिरवला तर कधी त्याची रुंद बाजू समोर येते, कधी टोक; एका फेरीत दोनदा जास्त, दोनदा कमी. त्यावरून कळले की तिचा आकार लांबट आहे आणि ती स्वतःभोवती ५ तास ११ मिनिटांत फिरते. आपल्या एका दिवसात तिचे साडेचारांहून अधिक दिवस होतात. एवढे अवजड धूड इतक्या वेगाने गिरक्या घेते!

मग १९८३ मध्ये 'आयरास' नावाच्या उपग्रहाने लघुग्रहांची उष्णता मोजली. हे का महत्त्वाचे? कारण नुसत्या उजेडावरून आकार कळत नाही. लहान पण पांढरा दगड आणि मोठा पण काळा दगड दुर्बिणीतून सारखेच तेजस्वी दिसू शकतात. पण काळा दगड उन्हात जास्त तापतो. उजेड आणि उष्णता दोन्ही मोजली की आकार आणि रंगाचा काळेपणा वेगवेगळा करता येतो. सिल्व्हिया निघाली दगडी कोळशासारखी काळी. तिच्यावर पडणाऱ्या प्रकाशापैकी शंभरातला जेमतेम चार टक्के प्रकाश ती परत पाठवते. आणि सरासरी व्यास निघाला अडीचशे किलोमीटरच्या वर. आजच्या मोजणीप्रमाणे तिची लांबी, रुंदी आणि जाडी साधारण ३६३, २४९ आणि १९१ किलोमीटर आहे. लांबी म्हणजे मुंबईहून एस.टी.ने कोल्हापूर जवळजवळ गाठावे एवढी. आणि हे सगळे मद्रासला एका बिंदूत सामावलेले होते.

आता सर्वांत गमतीचा भाग.

लघुग्रहाला चंद्र असू शकतो हे पक्के कळले ते गॅलिलिओ यानाने १९९३ मध्ये घेतलेल्या इडा या लघुग्रहाच्या छायाचित्रांवरून. मग पृथ्वीवरूनही शोध सुरू झाला. अडचण हवेची. हवा सतत थरथरते आणि ठिपका पसरट दिसतो. त्यावर उपाय निघाला तो असा की दुर्बिणीत एक लवचीक आरसा बसवायचा आणि हवेची थरथर मोजून तो सेकंदाला शेकडो वेळा इतका वाकवायचा की थरथर खोडली जाईल. अशी सोय असलेल्या हवाई बेटावरच्या दहा मीटरच्या केक दुर्बिणीतून १८ फेब्रुवारी २००१ रोजी मायकेल ब्राउन आणि जाँ-ल्यूक मार्गो यांना सिल्व्हियाशेजारी एक बारीक ठिपका दिसला. (हे ब्राउन तेच, ज्यांच्या शोधांमुळे पुढे प्लूटो ग्रहांच्या यादीतून गेला.) सिल्व्हियाला चंद्र होता! आणि ९ ऑगस्ट २००४ रोजी फ्रांक मार्शिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिलीमधल्या व्हेरी लार्ज टेलिस्कोपने घेतलेल्या प्रतिमांत आणखी एक, त्याहून लहान आणि आत, सिल्व्हियाच्या अगदी जवळ दिसला. दोन चंद्र असलेला हा माहीत झालेला पहिलाच लघुग्रह. २००५ मध्ये ही बातमी जाहीर झाली. मुलांची नावे काय ठेवायची, याचा विचारही करावा लागला नाही. रोम्युलस आणि रेमस. आईचे नाव १३९ वर्षांपूर्वीच ठेवून झाले होते.

थोरला रोम्युलस साधारण वीस-पंचवीस किलोमीटरचा. सिल्व्हियापासून सुमारे १३६० किलोमीटरवर राहून तो साडेतीन दिवसांहून थोड्या अधिक काळात एक फेरी घालतो. धाकटा रेमस दहा-एक किलोमीटरचा, सुमारे ७१० किलोमीटरवर. त्याची फेरी ३३ तासांची. जानेवारी २०१३ मध्ये सिल्व्हिया एका ताऱ्यासमोरून गेली, तेव्हा युरोपात अनेक ठिकाणांहून निरीक्षकांनी तारा किती क्षण झाकला गेला ते मोजले. रोम्युलसनेही तारा झाकला आणि त्याच्या सावलीच्या रुंदीवरून त्याचे माप मिळाले. त्या निरीक्षकांत हौशी लोक कितीतरी होते. त्यांनीही केले ते पॉगसन यांचेच काम : जागा, घड्याळ आणि अचूक नोंद.

मुले सापडल्यामुळे आईचे वजन कळले, हे मला फार आवडले. चंद्र किती अंतरावर आहे आणि किती वेळात फेरी मारतो एवढे माहीत असले की न्यूटनच्या नियमाने मधल्या वस्तूचे वजन निघते. सिल्व्हियाचे वस्तुमान आपल्या चंद्राच्या पाच हजारांश भरले. पन्नास किलोचा माणूस तिथे उभा राहिला तर काटा सरासरी पाव किलोच्या आसपास दाखवील. आकारमानाने भागले तर घनता आली पाण्याच्या फक्त सव्वा ते दीडपट. साधा काळा कातळसुद्धा पाण्याच्या तिप्पट जड असतो. म्हणजे सिल्व्हिया हा एकसंध दगड नाहीच! लेखाच्या पहिल्या ओळीत मी 'दगड' म्हटले ते सवयीने, पण ती निघाली ढिगारा. कधीकाळी प्रचंड टक्कर होऊन फुटलेल्या तुकड्यांचा, मध्ये पोकळ्या असलेला, आपल्याच गुरुत्वाने कसाबसा धरून ठेवलेला ढीग. रोम्युलस आणि रेमस त्याच टकरीतले उडालेले तुकडे असावेत असे मानतात. शिवाय आजूबाजूच्या कक्षांतही तिच्या कुळातले लहान लहान लघुग्रह सापडले आहेत. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चंद्रांच्या वाटा बारकाईने तपासून असे मांडले गेले की ती आतबाहेर सारखीही नाही. पोटात जास्त घट्ट गाभा आणि त्याभोवती हलके, सच्छिद्र आवरण असावे.

अजून एक. पॉगसन यांनी १८६८ मध्ये मद्रासहूनच शोधलेली कॅमिला जवळजवळ सिल्व्हियाच्याच अंतरावर आहे. तिचाही एक चंद्र २००१ मध्ये सापडला आणि दुसरा २०१६ मध्ये जाहीर झाला. एका माणसाने एकाच वेधशाळेतून टिपलेले दोन ठिपके, आणि दोन्ही लेकुरवाळे निघाले. पुढे १९६८ मध्ये सापडलेल्या एका लहान लघुग्रहाला '१८३० पॉगसन' असे नाव दिले गेले होते. २००७ मध्ये कळले की त्यालाही चंद्र आहे!

तर 'सिल्व्हियाचा शोध कोणी लावला?' या प्रश्नाचे उत्तर मी आता काय लिहीन? पॉगसन हे नाव लिहीनच, त्यात शंका नाही. पण एका नावात हा शोध बसत नाही. गाउसच्या गणितावाचून तो टिकला नसता. आकडे करणारे, घड्याळे लावणारे हात मद्रासच्या वेधशाळेत होतेच, आणि त्यांतल्या बहुतेकांची नावे कुठल्या यादीत नाहीत. रघुनाथाचार्य आणि आयसिस यांची निदान राहिली. केक आणि चिलीच्या दुर्बिणींवरची माणसे सिल्व्हियाकडे वळली, ती १८६६ मध्ये कोणीतरी तिची जागा आणि वेळ धड लिहून ठेवली होती म्हणून. लिहिणाऱ्याला ठाऊक नव्हते की तो एका ढिगाऱ्याची आणि दोन चंद्रांची नोंद करतो आहे. त्याने आपल्याला दिसले तेवढेच लिहिले, आणि नीट लिहिले. शिकवणाऱ्या माणसांना यात थोडा धीर मिळावा असे वाटते. आपण वर्गात जे देतो त्यातून पुढे काय निघेल हे आपल्यालाही कुठे ठाऊक असते?

मद्रासच्या जुन्या वेधशाळेची इमारत आता उरलेली नाही. पण यंत्र ठेवण्यासाठी १७९२ मध्ये उभारलेला ग्रॅनाइटचा उंच खांब नुंगमबाक्कमला हवामानखात्याच्या आवारात अजून उभा आहे. त्यावर निरनिराळ्या भाषांत लेख कोरलेला आहे. नात्यातले कोणी ना कोणी नोकरीनिमित्त चेन्नईला असतेच. त्यांच्यापैकी कोणी त्या बाजूला गेले तर आवर्जून पाहा आणि जमले तर फोटो पाठवा. दगडच आहे, पण हा अस्सल एकसंध आहे!